लॅपटॉपच्या बॅगेतली चिठ्ठी

ताई, माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे. वर्षभर तो एकटाच बोलतो, रात्र-रात्र जागतो. शेजारचे माझ्याविरुद्ध कट करतात म्हणतो. कॉलेज सुटलंय. आईच्या मते बाहेरची बाधा आहे, दर अमावास्येला ती त्याला एका बाबाकडे नेते. गेल्या खेपेला तिथे त्याचे हात बांधून मिरचीची धुरी दिली. माझा या कशावर विश्वास नाही, त्यामुळे आईशी रोज भांडणं होतात. आमच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या म्हणून चिठ्ठी दिली होती, ती आठ महिने माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे. डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे, त्याची धावपळ चालू आहे. आईच्या डोळ्यांवरची झापड कशी उतरवू?

– एक वाचक

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या बॅगेपाशी अडले.

सगळं पत्र तू आईच्या नावाने लिहिलंस. चिठ्ठीला एकच वाक्य, आणि त्याला लागून लगेच लग्न. ही दोन वाक्यं एकामागोमाग का आली, ते तुला ठाऊक आहे. भावाचा केसपेपर निघाला, गोळ्या सुरू झाल्या, की मुलीकडच्यांच्या कानावर जाणार. बाबाकडची फेरी मात्र 'आमच्या आईची श्रद्धा' म्हणून खपून जाते. आईची झापड तुझ्या सोयीची आहे, बाळा. ती उतरली असती तर चिठ्ठी कधीच बाहेर काढावी लागली असती.

मला तुझा राग आलाय. आई चुकीच्या दारात का होईना, पोराचा हात धरून घेऊन जाते. योग्य दार कुठलं ते तुला माहीत होतं, आणि तू त्याला कुठेच नेलं नाहीस. आठ महिने म्हणजे आठ अमावास्या.

त्याला काय झालंय ते मी इथे बसून सांगणार नाही, ते तपासणारा डॉक्टर सांगेल. पण भास आणि संशयाचे आजार बऱ्याचदा विशीतच डोकं वर काढतात. त्यांच्यावर १९५०च्या दशकापासून औषधं आहेत, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं माणूस सावरणं सोपं जातं. ज्या महिन्यांची तू लग्नाच्या तारखेशी सांगड घालतोयस, ते त्याच्या कामाचे महिने आहेत.

हात बांधले हे वाचून मला एरवाडी आठवलं. तामिळनाडूत ६ ऑगस्ट २००१ला तिथल्या एका आश्रमाला पहाटे आग लागली. साखळ्यांनी जखडून ठेवलेले २५हून अधिक मनोरुग्ण जागेवरून हलू न शकल्यामुळे जळून गेले. आपल्याकडे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून घालणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे म्हणून स्पष्ट लिहिलेले आहेत. तक्रार जरूर कर, पण ती भावाला डॉक्टरकडे नेल्यानंतर. नाहीतर तीही चिठ्ठी काढायची टाळण्याची आणखी एक सबब होईल.

आईला पटवत बसू नकोस. तिच्या देवपूजेला त्या कायद्यानेही हात लावलेला नाही, तू कशाला लावतोस? तिला म्हण, आई, तुझा अंगारा लाव, पण बाबाला पोराच्या अंगाला हात लावू द्यायचा नाही आणि गोळी चुकवायची नाही. पोराला रात्री शांत झोपलेलं बघितलं की तिचं तिलाच काय ते उमजेल. एवढ्या वर्षांत अशा कितीतरी आयांची पत्रं मला आली आहेत. भांडून एकीचंही मन वळलेलं मी पाहिलं नाही.

आज रात्री होणाऱ्या बायकोला फोन कर. भाऊ आजारी आहे, उद्या डॉक्टरकडे नेतोय, एवढंच सांग. ती काय म्हणेल याची हमी मी देत नाही. कदाचित लग्न मोडेल. पण भावाचं आजारपण लपलेलं राहावं असं तुला वाटतंय तोवर चिठ्ठी बॅगेतून बाहेर येणार नाही, म्हणून हा फोन आधी.

उद्याची रजा टाक. आईला बरोबर घे, ती असली तर तो निघेल, कारण वर्षभर त्याचा हात तिनेच धरलाय. चिठ्ठीवर नाव असेल तिथे जा, नाहीतर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात. तो अगदीच येत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन कर. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. त्याला कसं आणायचं ते विचार. चिठ्ठी जुनी आहे म्हणून घरी ठेवू नकोस, तारखेसकट डॉक्टरांना दाखव. त्यांनी विचारलं, इतके दिवस काय केलंत, तर आईकडे बघू नकोस.

केसपेपरच्या रांगेत वेळ जातो, सकाळी लवकर निघा.