बाबा 31 ऑगस्टला रिटायर होतायत, ईएसआयसीचं कार्ड लगेच बंद होईल का?

तुमचा प्रश्न वाचला आणि सात वर्षांपूर्वीचं आमचं घर आठवलं. तुम्ही लिहिलंय की बाबांची 22 वर्षं नोकरी झाली, पगार साडेएकोणीस हजार, आईला शुगर आणि बीपी असून दोघांची औषधं ईएसआयसीच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, दवाखान्यातून येतात. घरात 74 वर्षांची आजी आहे, बहीण कॉलेजला आहे. आणि कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं की नोकरी संपली की कार्ड संपलं, आता फुले योजनेवर (राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना) भागवा.

कृपा करून त्या माणसाचं ऐकू नका. कार्ड 1 सप्टेंबरला बंद होत नाही. पण ते आपोआप चालूही राहत नाही, आणि बहुतेक घरं नेमकी इथेच फसतात.

आधी तारखांचं बघू. ईएसआयसीत वर्गणीच्या (पगारातून विम्यासाठी कापतात ते पैसे) दोन सहामाह्या असतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या वर्षी जानेवारी ते जून उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर त्यानंतरचे जुलै ते डिसेंबर. त्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. बाबांचे एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने भरतात, म्हणजे 78 दिवस आरामात होतात. त्यामुळे पुढच्या 30 जूनपर्यंत घरातल्या सगळ्यांना पूर्वीसारखेच उपचार मिळतील. (ते मे अखेरीस रिटायर झाले असते तर एप्रिल आणि मे मिळून 61 दिवसच भरले असते, आणि सगळं याच डिसेंबरमध्ये थांबलं असतं.)

30 जूननंतर काय, हा खरा प्रश्न. किमान पाच वर्षं विमा असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला किंवा त्याने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, तर वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयसीचे उपचार चालू ठेवता येतात. वर्षाचे 120, म्हणजे महिन्याला दहा रुपये. पैसे एका वर्षाचे एकदम आणि आगाऊ भरायचे, दर वर्षी नव्याने. आमच्या वेळी शाखा कार्यालयात "रिटायर झालेल्यांचं कार्ड" म्हणून विचारलं तर कुणी नीट दाद देईना. "नियम 61 चा अर्ज" म्हटल्यावर खिडकीतल्या बाईंनी लगेच कागद पुढे केला. दवाखान्यात हे काम होत नाही, शाखा कार्यालयातच जावं लागतं. माझी आई तीन वेळा दवाखान्यात हेलपाटे घालून आली होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा अर्ज जूनपर्यंत थांबवू नका, कारण त्याला कंपनीचा दाखला लागतो. बाबा कधी लागले, कधी आणि कोणत्या कारणाने सुटले आणि विमा नंबर काय, हे सगळं कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह हवं. आज बाबा रोज गेटमधून आत जातात, त्यामुळे एचआरमधला माणूस ओळखीचा आहे. आमच्याकडे उलट झालं. बाबा सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात होते. (नाव लिहीत नाही.) सुटल्यावर चार महिन्यांनी दाखला मागायला गेलो तर ऑफिसमधली माणसं बदललेली. "आज साहेब नाहीत, सोमवारी या" असे पाच सोमवार गेले. शेवटी जो कागद मिळाला त्यावर "नोकरी सोडली" असं लिहिलेलं होतं, "निवृत्त" नाही. त्या एका शब्दावर अर्ज परत आला. स्वतःहून नोकरी सोडणं आणि वयोमानाने निवृत्त होणं यात ईएसआयसी फरक करते. म्हणून दाखला हातात पडल्यावर तिथेच उभं राहून वाचा.

दुसरं काम, तेही 31 ऑगस्टच्या आत. ईएसआयसीच्या नोंदीत आईचं नाव आणि जन्मतारीख काय आहे ते बघा आणि आधारशी ताडून घ्या. माझ्या आईच्या नावापुढे एकीकडे "बाई" होतं, दुसरीकडे नव्हतं, आणि वयात तीन वर्षांचा फरक होता. नोकरी चालू असताना कंपनीकडून ही दुरुस्ती करून घेणं सोपं असतं. नंतर प्रतिज्ञापत्र वगैरे सुरू होतं.

फुले योजनेचं विचारलंत. ती योजना चांगलीच आहे. 1 जुलै 2024 पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना वर्षाला पाच लाखांपर्यंत लागू आहे, आणि बहिणीसाठी तुम्हाला तीच लागणार, कारण 120 रुपयांत फक्त नवरा-बायको येतात, मुलं नाहीत. पण ती दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. महिन्याच्या मेटफॉर्मिनसाठी (शुगरची गोळी), बीपीच्या गोळ्यांसाठी, दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीसाठी ती उपयोगी पडत नाही. शुगरच्या माणसाचा खर्च तर तिथेच असतो, महिन्याला थोडा थोडा, आणि पैशाची ओढ लागली की आई-वडील सगळ्यात आधी स्वतःच्याच गोळ्या निम्म्या करतात. ईएसआयसीचा दवाखाना नेमकी हीच गरज भागवतो आणि जुनं दुखणं आहे म्हणून कुणाला नाकारत नाही. रांग मोठी असते, एखादी गोळी कधी शिल्लक नसते, हे खरं आहे. तरीही हे कार्ड सोडू नका.

आमच्याकडे बाबा पहिल्या वर्षी पैसे भरून आले आणि कालनिर्णयच्या पानावर मुदतीच्या तारखेभोवती लाल पेनने गोल केला. पावतीची झेरॉक्स त्याच खिळ्याला अडकवली. दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की पहिलं काम ते. 2021 मध्ये बाबा गेले. त्या वर्षी कॅलेंडरवर गोल करायचा राहिला. आईने तर धरूनच चाललं होतं की कार्ड बाबांचं, ते गेले म्हणजे कार्डही गेलं. मला कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुदत संपल्यावर ती दवाखान्यात गेली तेव्हा काउंटरवरच्या संगणकावर ती अपात्र दिसली. तिने रिकामी पिशवी घडी करून परत आणली आणि मला दहा दिवस सांगितलं नाही. त्या दहा दिवसांत ती गोळ्यांशिवाय होती. ते मला अजून सलतं.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण, नियम आमच्या बाजूने होता. विमाधारक गेला तरी भरलेल्या मुदतीपर्यंत जोडीदाराला उपचार मिळतातच, आणि पुढेही तेच 120 रुपये जोडीदाराने स्वतः भरून कार्ड चालू ठेवता येतं. मी मृत्यूचा दाखला, जुनी पावती आणि आईचं आधार घेऊन शाखा कार्यालयात गेले आणि काम झालं. आता गोल आई स्वतः करते. तुमच्या आईलाही हे आत्ताच सांगून ठेवा. बोलायला जड जाईल, पण सांगा.

राहिली आजी. आत्ता ती बाबांवर अवलंबून म्हणून कार्डावर असेल, पण 30 जूननंतर तिचं नाव उरणार नाही. तिच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 आणि त्यावरच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला पाच लाखांपर्यंत दाखल होऊन उपचार आहेत. आधीपासून ईएसआयसीत असलेल्या ज्येष्ठांनाही ते घेता येतं, म्हणून पुढच्या जूनची वाट बघायचं कारण नाही. वय आधारवरून धरतात. तिच्या आधारवर नुसतं जन्मवर्ष आहे की पूर्ण तारीख, आणि ती बरोबर आहे का, हे आज रात्रीच काढून बघा. काही चुकलं असेल तर दुरुस्तीला हाताशी वेळ राहील.