पॅरालिसिसनंतर आबांचा स्वभाव बदललाय – माझं उत्तर

ताई, तुम्ही तासगावहून लिहिलंय की आबांचा डावा हात-पाय बराच सुधारला, काठी टेकत बागेपर्यंत जातात. पण पाव्हणे आले की रडतात, ताटात भाजी असून 'वाढली नाही' म्हणून ओरडतात, बेदाण्याच्या हिशेबात गोंधळतात, आणि भावकी म्हणते, नाटकं करतायत.

नाटकं नाहीत. ताटाचं आधी सांगते. डावी बाजू लुळी पडली म्हणजे मार मेंदूच्या उजव्या भागाला बसलाय. अशा वेळी काहींचं डावीकडे लक्षच जात नाही; डोळे ठणठणीत असतात, चष्मा बदलून काही होत नाही. आमच्या सासऱ्यांचं तेच. भाकरीचा उजवा अर्धा खाऊन 'संपली' म्हणायचे, दाढी एकाच गालाची. घाईत असले की मी ताट फिरवून द्यायचे, पण रोज तसंच केलं तर मान वळवायची सवय लागत नाही. थेरपिस्टनं पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायला सांगितली होती: आधी पट्टी शोधायची, मगच ओळ वाचायची. आणि मोटारसायकलची किल्ली लपवा. ते कितीही चिडू देत. डावीकडून उसाचा ट्रॅक्टर आला तर कळायचंही नाही.

रडण्याचे दोन प्रकार असतात. एक अचानक येतं, क्षणात थांबतं, नंतर विचारलं तर 'वाईट काही वाटलं नव्हतं' म्हणतात. तिथं भावनांवरचा मेंदूचा लगाम सैल झालेला असतो. भोवती गोळा होऊन 'काय झालं, काय झालं' करू नका, विषय बदला. दुसरं खरं नैराश्य: जेवण-झोप बिघडते, बागेतही मन लागत नाही, 'तुमच्यावर ओझं झालोय' सुरू होतं. झटक्यानंतर साधारण तिघांत एकाला हे होतं. दोन्हींवर औषधं आहेत, पण डॉक्टर हात-पाय बघतात आणि आपणही तेवढंच सांगून येतो. पुढच्या तपासणीला हे मुद्दाम बोला. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा निघाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि बागेच्या फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा.

हिशेबाचं म्हणाल तर टीव्ही बंद, सकाळची वेळ, एका वेळी व्यापाऱ्याची एकच हिशेबपट्टी. दुपारनंतर मेंदू दमतो, हा थकवा आळस नव्हे. सह्या सध्या तुमच्यासमोरच होऊ द्या. पण छाटणी कधी घ्यायची, कोणत्या व्यापाऱ्यानं मागं पैसे थकवले, हे त्यांनाच विचारा. जुनं ज्ञान बहुतेक वेळा शाबूत असतं.

भावकीतल्या त्या काकांना पुढच्या वेळी डॉक्टरकडे सोबत घेऊन जा. तुम्ही शंभरदा सांगून जे पटत नाही, ते पांढऱ्या कोटातल्या माणसानं सांगितलं की पटतं.