रांगेत आपली पाळी

प्रश्न : नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत आमची चार वर्षांची मुलगी पुढे पळते आणि अडवले की रडते. तिला कसे समजवावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ‘अजून अर्धा तास’ म्हणजे किती, हे या वयात उमगत नाही, पुढची माणसे मात्र दिसतात. म्हणून वेळ न सांगता माणूस दाखवा : ‘त्या हिरव्या लुगड्यातल्या आजी आपल्या आधी आल्या, त्यांचे दर्शन झाले की मग आपले.’ रांग सरकली की पाऊल तिलाच टाकू द्या. एखाद्या वृद्धाला पुढे सोडले, तर त्याचे कारण तिथल्या तिथे सांगा, कारण मुलांना खटकतो तो न समजलेला अपवाद. नवरात्रातली रांग पहिल्या धड्यासाठी योग्य नाही, हे आग्रहाने सांगते. त्या दिवसांत मुखदर्शन घ्या आणि सराव भडंगाच्या दुकानात, तीन-चार गिऱ्हाइकांमागे उभे राहून करा.