नॅसकारच्या (अमेरिकेतील मोटार शर्यतींची मालिका) हंगामातील शेवटच्या शर्यतीत विजेतेपदाच्या दावेदारांना झुकतं माप मिळायचं का?

नियमात नव्हतं. 2014 ते 2025 च्या पद्धतीत चार दावेदार समान गुणांवर उतरायचे आणि त्यांच्यात जो पुढे संपवेल तो चॅम्पियन. गाडीची तपासणी इतरांसारखीच. उलट त्यांना त्या शर्यतीत स्टेजचे (शर्यतीच्या टप्प्यांचे) गुणही मिळत नसत. तरीही 2014 ते 2022 दरवर्षी शर्यतही चॅम्पियननेच जिंकली, म्हणून संशय येतो. पण मुळात त्या वर्षीच्या चांगल्या गाड्या दावेदारांच्याच, आणि संघ सगळा जीव तिथेच ओतायचे. 2021 मध्ये त्या वर्षीचा चॅम्पियन लार्सनला सर्वांत सोयीची पिटची (टायर बदलायला, इंधन भरायला थांबण्याची) जागा मिळाली, तीही पात्रता फेरीत पहिला आल्यामुळे. एक मात्र खरं, बाकीचे चालक दावेदारांशी फार झटापट करत नसत. हा शिष्टाचार, सक्ती नव्हे: 2023 मध्ये दावेदार नसलेल्या चॅस्टेनने, त्या वर्षी चॅम्पियन ठरलेल्या ब्लेनीला वाट न देता शर्यत जिंकलीच.