वाचकांचे प्रश्न : प्री-मेडचं सेमिस्टर किती जड घ्यावं?

प्रश्न : मी न्यू जर्सीत प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जायच्या तयारीत आहे, बायॉलॉजी मेजर (मुख्य विषय) करते आहे, सप्टेंबरपासून दुसरं वर्ष. फॉलसाठी (सप्टेंबरच्या सेमिस्टरसाठी) ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, जेनेटिक्स (तिन्ही लॅबसकट), कॅल्क्युलस-२ आणि सोशिऑलॉजी असे १९ क्रेडिट घेतले आहेत. आठवड्याला सहा तास हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअरिंग असतं. येत्या मेमध्ये एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायचा विचार आहे. आई-बाबा म्हणतात, विषय जितके जास्त तितका अर्ज वजनदार. ॲडव्हायजर म्हणतात, कमी कर. कोणाचं ऐकू?

उत्तर : ॲडव्हायजरचं ऐका. बारावीला पीसीएमबी सगळं एकदम केलेल्या पिढीला आई-बाबांसारखंच वाटतं, पण तिथे विषयांचा संच ठरलेला होता. इथे संच तुम्हीच ठरवता, आणि एकाच सेमिस्टरमध्ये तीन लॅब केल्याचे वेगळे गुण कोणी देत नाही. ग्रेड मात्र कायमची राहते.

आधी तास मोजा. ऑर्गोचे (ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे) वर्गात ३, लॅबमध्ये ३, अभ्यासाचे ९ आणि लॅब रिपोर्टचे २ असे १७ धरा. फिजिक्स आणि जेनेटिक्सचे प्रत्येकी १४, कॅल्क्युलसचे १२, सोशिऑलॉजीचे ८. झाले ६५. त्यात व्हॉलंटिअरिंग धरलं की ७१, आणि अजून जेवण, झोप, प्रवास बाकी आहे. शिवाय मिडटर्म साधारण एकाच सुमाराला येतात. त्या आठवड्यात तीन लॅब रिपोर्ट आणि तीन पेपर एकत्र आले की सगळ्यात आधी ऑर्गोचे सरावप्रश्न मागे पडतात, आणि ऑर्गो शेवटच्या आठवड्यात भरून निघत नाही.

आता जीपीएचा, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेडचा, हिशोब. समजा, ६० क्रेडिट झालेत आणि जीपीए ३.८ आहे, म्हणजे २२८ पॉइंट. पुढच्या सेमिस्टरला १८ क्रेडिटमध्ये सरासरी ३.० पडली तर २८२ भागिले ७८, म्हणजे ३.६२. उरलेल्या ४२ क्रेडिटमध्ये सगळीकडे ए (४.०) मिळवलात तरी शेवटी ३.७५! एमडीला (ही इथली पहिली मेडिकल पदवी) प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे ३.७५च्या वर आहे. म्हणून एका सेमिस्टरची हौस महाग पडते. मेडिकलचा सामायिक अर्ज, म्हणजे ॲमकॅस, बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढतो, तो तर आणखी लवकर घसरतो. कोर्स पुन्हा केला तर दोन्ही ग्रेड धरल्या जातात, जुनी पुसली जात नाही. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे कोर्स केले असतील तर त्यांच्या ग्रेडही यात येतात. अनेकांना हे अर्ज भरताना कळतं, तेव्हा त्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) आत्ताच मागवून बघा.

तुमच्यासाठी आमची मांडणी अशी. या फॉलला ऑर्गो, फिजिक्स, सोशिऑलॉजी आणि भरपूर लेखन असलेला एक इंग्लिशचा कोर्स, एकूण १४. एका सेमिस्टरला लॅबचे विषय दोनच. स्प्रिंगला (जानेवारीच्या सेमिस्टरला) ऑर्गो आणि फिजिक्सचे दुसरे भाग, सोबत सायकॉलॉजी. जेनेटिक्स तिसऱ्या वर्षाच्या फॉलला, बायोकेमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्सबरोबर. कॅल्क्युलस-२ तुमच्या मेजरला लागत नसेल तर सोडा. फार थोडी मेडिकल कॉलेजं ते मागतात, स्टॅटिस्टिक्स जास्त उपयोगी पडतं. एपीचे (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे) क्रेडिट असतील तर कोणती कॉलेजं ते मानतात हे एएएमसीच्या (अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या) एमएसएआर या यादीत पाहा. काही कॉलेजं त्याच विषयाचा वरच्या पातळीचा कोर्स मागतात.

येत्या मेमधली एमकॅट रद्द करा. बायोकेमिस्ट्री न शिकता ती देणं म्हणजे हातचे गुण घालवणं: बायॉलॉजीच्या आणि केमिस्ट्री-फिजिक्सच्या, दोन्ही भागांत साधारण पाव प्रश्न बायोकेमिस्ट्रीचे असतात. तिसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगला १२-१३ क्रेडिटच घ्या आणि एप्रिलअखेर परीक्षा द्या. तयारीला ३०० तास धरा. डिसेंबरच्या सुट्टीपासून १८ आठवडे, आठवड्याला १६-१७ तास. पूर्ण लांबीच्या सराव परीक्षेला मधल्या सुट्ट्यांसकट साडेसात तास जातात, आणि चुका तपासायला दुसरा अख्खा दिवस ठेवावा लागतो. गुण तो दुसरा दिवस वाढवतो, नुसत्या परीक्षा देत सुटून उपयोग नाही. निकाल साधारण महिन्याने येतो, म्हणजे जूनच्या सुरुवातीला ॲमकॅस भरता येतो. पडताळणीला गर्दीच्या दिवसांत कित्येक आठवडे जातात, म्हणून ऑगस्टपर्यंत थांबू नका. तिसऱ्या वर्षी तयारी अपुरी वाटली तर एक वर्ष थांबून अर्ज करा. मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पदवीनंतर निदान एक वर्ष थांबलेले असतात. घरी हे आधीच सांगून ठेवा.

व्हॉलंटिअरिंग आठवड्याला चार तासांवर आणा, पण दोन-अडीच वर्षं सोडू नका.

सेमिस्टर सुरू झाल्यावर कोर्स काढायचा तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत काढा, ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. नंतर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, म्हणजे कोर्स मधेच सोडल्याची नोंद) येतो. एखाद्या डब्ल्यूने बिघडत नाही, दर वर्षी एक दिसला की प्रश्न विचारले जातात. ऑर्गोच्या पहिल्या मिडटर्ममध्ये वर्गाच्या सरासरीच्या खाली असाल, तर त्याच आठवड्यात प्रोफेसरांच्या ऑफिस अवरला पेपर घेऊन जा. चुका पाठांतराच्या असतील तर सावरता येतं. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हेच कळत नसेल तर शेवटच्या तारखेआधी डब्ल्यू घ्यावा, सी-मायनस बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

प्रश्न : मुलगा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर ओहायोत शिकतो, पुढे मेडिकलला जायचं म्हणतो. त्याने एका सेमिस्टरला ९ क्रेडिट घेऊन उरलेले उन्हाळ्यात केले तर चालेल का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : नाही. फॉल आणि स्प्रिंगला त्याला किमान १२ क्रेडिट लागतात आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. उन्हाळ्यातले क्रेडिट ही तूट भरत नाहीत. आजारपणासारखं कारण असेल तर कॉलेजच्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी कोर्स सोडण्याआधी घ्यावी. आधी सोडून मग विचारलं तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. त्याने १३ क्रेडिटने सुरुवात करावी, म्हणजे एक क्रेडिटची लॅब गेली तरी १२ राहतात.

आणखी एक गोष्ट आत्ताच बघा. बहुतेक अमेरिकन मेडिकल कॉलेजं ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्यांचे अर्ज घेत नाहीत. जी घेतात त्यांतली काही सुरुवातीलाच अनेक वर्षांच्या खर्चाची रक्कम बाजूला काढून दाखवायला सांगतात, आणि सरकारी विद्यार्थी कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. एमएसएआरमधून अशा कॉलेजांची यादी काढा, प्रत्येकाची रक्कमविषयक अट त्यांच्या प्रवेश कार्यालयाकडून लेखी मागवा, आणि ती हातात आल्यावरच मुलाने पुढच्या वर्षाचे कोर्स ठरवावेत.