प्रसिद्ध चित्रात स्वतःला उभं करून फोटो काढणं ही कला की फॅन्सी ड्रेस?

प्रश्न असा आहे: "एखादं गाजलेलं चित्र घेऊन, तसाच वेश करून लोक स्वतःचाच फोटो काढतात. ही कला म्हणायची की फॅन्सी ड्रेस? मलाही करून बघायचं आहे, कॅमेरा कोणता घ्यावा?"

फॅन्सी ड्रेस हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. नेमका हाच शब्द मी माझ्या चुलतभावाच्या तोंडून ऐकला आहे. दादा लग्नाचे फोटो काढतो, तालुक्यात त्याचं नाव आहे, आणि या बाबतीत तो चुकला असं मी आजही म्हणते.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. माजघरात राजा रविवर्मांच्या लक्ष्मीची तसबीर होती. कमळावर उभी, वरच्या दोन हातांत कमळं, बाजूला हत्ती, रंग गोरापान. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या देवता घरोघरी गेल्या. आमची तसबीर त्याच चित्राची कुठलीतरी उशिराची छपाई असणार. आजी रोज काचेवर कुंकू लावायची. मी सावळी. ती लक्ष्मी मला कधी घरातली वाटली नाही, पाहुणी वाटायची.

विसाव्या वर्षी स्थळं येऊ लागली तेव्हा बाबा मला एका स्टुडिओत घेऊन गेले. तोंडाला पावडर, मागे धबधब्याचा पडदा. दोन दिवसांनी फोटो आला तर चेहरा उजळ केलेला, गळा आणि हात मात्र माझेच. आजीने तो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "हाई कोन शे वं?" म्हणजे, ही कोण आहे गं? तोच फोटो पाहून पाहुणे आले, पोहे झाले, आणि मुलाची मावशी माझ्यासमोर म्हणाली, फोटोतली मुलगी वेगळी दिसते. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. तो फोटो अजून माझ्या पेटीत आहे.

पुढे लग्न झालं, शाळेत चित्रकला शिकवू लागले. तेव्हा कधीतरी बंगळुरूच्या कलावंत पुष्पमाला एन. यांचं काम पाहिलं. २००० ते २००४ या काळात त्यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत दक्षिण भारतातल्या स्त्रियांच्या रूढ प्रतिमा स्वतःच्या अंगावर घेऊन पुन्हा उभ्या केल्या. त्यात रविवर्मांची लक्ष्मीही आहे. मुकुट आहे, पडदा आहे, पण चेहरा एका खऱ्या, वय झालेल्या बाईचा. मी त्या फोटोसमोर किती वेळ बसले होते, सांगता येणार नाही.

२०१८ च्या संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा भावाने भाव वाढेल म्हणून कापूस विकला नव्हता. पुढची खोली छातीपर्यंत भरलेली. मला तिथे कमळ दिसलं. लक्ष्मी होऊन फोटो काढू का, असं आजीला विचारलं, तिने होकार दिला. आईचं लाल लुगडं नेसले आणि गंजीवर चढले. कापूस पायाखाली दबत जातो हे लक्षातच आलं नव्हतं. दाराचा उजेड कमी, म्हणून शटर एक पंधरांश सेकंद उघडं, त्यामुळे प्रत्येक फोटो हललेला. मग कापसात लाकडी पाट पुरला. चार हातांसाठी दोन फोटो काढून जोडायचं ठरवलं होतं, पण दुसऱ्या फोटोपर्यंत मी बोटभर खाली गेलेली असायचे, खांदे जुळेनात. शेवटी दादाचीच मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची, माझ्यामागे उभी राहिली. वरच्या दोन हातांत पऱ्हाटीच्या फांद्या, बोंडं फुटलेली. ते हात तिचे. खालच्या हातात खुरपं आणि दुसरा तळवा उघडा, नखांच्या कडेला बोंडांचे ओरखडे. हत्तीच्या जागी पोळ्याची झूल टांगली. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटली होती, पोर तरीही हलली नाही. फोटो पाहून आजी म्हणाली, "हाई आपली शे."

दादाने पाहिला आणि म्हणाला, "रविवर्मांचं चित्र वजा कर, तुझं काय उरतं? हा फॅन्सी ड्रेस."

काय उरतं? हात उरतात, रंग उरतो. रविवर्मांनीही देवी रंगवताना जिवंत बायकाच समोर उभ्या केल्या होत्या. कुणाचा चेहरा देवीचा, हे तेव्हाही कुणीतरी ठरवलंच होतं. १९८५ साली जपानचे कलावंत यासुमासा मोरिमुरा यांनी चित्रकार व्हॅन गॉगच्या कानाला पट्टी बांधलेल्या स्वतःच्या चित्रात त्याच्या जागी स्वतःला बसवलं. युरोपीय चित्रात जपानी माणूस बसला की ते चित्र कुणासाठी काढलं होतं, हे डोळ्यांसमोर येतं. नकलेतून हे होत नाही. तुमचं चित्र तपासायचं तर तुमच्या जागी शेजाऱ्याला कल्पून बघा. काहीच बदलत नसेल तर तो फॅन्सी ड्रेस, बिनदिक्कत म्हणा. अमेरिकेच्या छायाचित्रकार सिंडी शर्मन यांनी १९७७ ते १९८० मध्ये सुमारे सत्तर फोटोंत सिनेमातल्या वाटाव्या अशा बायका स्वतः साकारल्या, पण खरा असा एकही सिनेमा नव्हता. म्हणजे मूळ चित्र असायलाच हवं असंही नाही.

आणि दादा, तू प्रत्येक नवरीचा चेहरा संगणकावर दोन छटा उजळ करतोस. ते काय असतं?

कॅमेऱ्याचं म्हणाल तर फोन पुरे. मागचा कॅमेरा वापरा. पुढचा पुष्कळ फोनमध्ये न विचारताच कातडी गुळगुळीत आणि गोरी करतो. पैसे घालायचे तर ट्रायपॉडवर घाला.

देवाचं चित्र घेणार असाल तर घरातल्या मोठ्यांना आधी विचारा, मन दुखावतं. दुसऱ्या समाजाचा पेहराव किंवा गरिबी वेश म्हणून घालू नका. पुष्पमालांनी आदिवासी स्त्रीचा फोटो केला तो चौकटींच्या पडद्यासमोर. इंग्रज काळात माणसांची शरीरं मोजायला असा पडदा मागे लावत; त्या मोजणाऱ्यांकडे बोट दाखवण्यासाठी तो फोटो होता. आणि रविवर्मा १९०६ साली गेले, तिथे हक्कांचा प्रश्न नाही. हयात छायाचित्रकाराचं काम घेऊन विकायचं असेल तर परवानगी लागेल.

भाची आता मोठी झाली, घरात स्थळांचं बोलणं सुरू आहे. तिला अजून शिकायचं आहे आणि त्या बाबतीत मी तिच्या बाजूने आहे. पण दादा, तिचा फोटो काढशील त्या दिवशी मी येणार आहे आणि तुझ्या संगणकाशेजारी बसणार आहे.