तंबाखू सुटली, दारू नाही

प्रिय मित्रा,

"काका, मला व्यसनमुक्ती केंद्रात जायचं नाही. माझ्या मनावर माझा ताबा आहे, दारू घरच्या घरी सोडतो," असं तू लिहिलंयस. मी 'अशक्य' म्हणेन असं तुला वाटत असेल. तसं म्हणणार नाही, कारण ते खरं नाही.

तंबाखू मी एकट्याने सोडली. बावीस वर्षं उठल्या उठल्या बार भरत होतो. एका सकाळी पुडी आणि चुन्याची डबी केरात टाकली, आठवडाभर घरच्यांवर खेकसलो, बडीशेप चघळत राहिलो आणि सुटली. सिगारेट सोडणारेही बहुतेक असेच, कुणाच्या मदतीविना सोडतात. दारूचंही ऐक. अमेरिकेत २००१-०२ साली सुमारे ४३,००० लोकांची पाहणी झाली. त्यात पूर्वी कधीतरी दारूच्या आहारी गेलेल्यांपैकी जेमतेम चौथाई लोकांनी आयुष्यात कधी उपचार घेतले होते, आणि पाहणीच्या वर्षीही तितकेच अडकलेले राहिलेत असे जवळपास चौथाईच निघाले. म्हणजे बरेचजण आपले आपण बाहेर पडतात.

पण तंबाखू सोडणाऱ्या त्याच मनाच्या जोरावर मी दारू किती वेळा सोडली, याचा हिशेब माझ्याकडे नाही. एका खेपेला तिसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. अंगावर घाम, हात थरथरताहेत आणि मी बायकोला मुंग्या झाडायला सांगतोय. तिने शेजाऱ्यांना उठवून दवाखान्यात नेलं म्हणून आज हे पत्र लिहितोय.

असं का होतं ते समजून घे. दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर प्यायली की मेंदू तिला तोंड द्यायला आपला वेग वाढवून ठेवतो. दारू एकदम बंद केलीस, तरी तो वाढलेला वेग लगेच उतरत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो, आणि यात माणसं दगावतात. यावर औषध आहे: काही दिवस कमी कमी करत नेलेल्या गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्व. इथे इच्छाशक्तीचा प्रश्नच येत नाही. सकाळी घोटभर घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत, हे तू पत्रात ओघात लिहून गेलास. मी मात्र त्या ओळीपाशी थांबलो. म्हणून सांगतो, डॉक्टरांना दाखवेपर्यंत एकदम बंद करू नकोस. हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण लिहितोय.

आता 'एकट्याने' या शब्दाबद्दल. व्हिएतनाम युद्धात तिथे गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ पाचातला एक हेरॉइन-अफूच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला, तेव्हा त्या व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले ५ टक्क्यांच्या आसपासच निघाले. बहुतेकांनी उपचार घेतलेच नव्हते. पण त्यांचं सगळं बदललं होतं: युद्ध, जागा, सोबती, मालाचा पुरवठा. तुझी खोली तीच आहे, रूममेट तेच आहेत आणि संध्याकाळी सातला "बसायचं का?" म्हणून येणारा फोनही तोच. ते बदलणार असशील, तर त्यातही कुणाचा तरी हात लागेलच.

मला ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या गटाच्या मीटिंगने हात दिला. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून ए.ए. उभं राहिलं. मी पहिले तीन आठवडे मागच्या खुर्चीवर गप्प बसलो. एक रिक्षावाला माझीच गोष्ट सांगत होता आणि मला रडू आवरेना. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्यांना सांभाळतात. तिथे तुला कुणी कमी लेखणार नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे जा. एकटा जाऊ नकोस, ताईला सोबत घे. ती नसेल तर मी येतो. रोज किती पितोस ते खरं सांग, अर्धं करून सांगू नकोस, कारण गोळ्यांचं प्रमाण त्यावरच ठरतं. रात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ लाव, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. फिट आली किंवा भास होऊ लागले तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

सोमवारी किती वाजता निघायचं ते कळव.

तुझा,
काका